नानांनी तोंड फिरवलं तेव्हा

मी तोतारामनानांचा मोबाइल बोलतोय. एरवी दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे पोचवतो. आज स्वतःचं सांगतोय, म्हणून जरा ऐका.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते धड आठवत नाही. आठवतं ते शिरपूरच्या दुकानातलं काचेचं कपाट. नानांचा मुलगा योगराज सुरतला कंपनीत कामाला. तो दिवाळीला आला आणि त्यानं मला वडिलांसाठी घेतलं. गाव शिरपूरपासून आत, सातपुड्याच्या बाजूला. घरी आल्याबरोबर नानांनी मला कुंकू लावलं, तेही नेमकं कॅमेऱ्याच्या काचेवर. पुढे कितीतरी दिवस मला सगळं गाव लालसर दिसत होतं.

नाना मात्र झपाट्यानं शिकले. योगराजनं माझ्यात डॉक्टरांचं ॲप टाकून दिलं होतं. नंबर लावायचा, वाट बघायची, की शहरातले डॉक्टर समोर हजर. नानांची साखरेची गोळी माझ्यामुळे बदलली. शेजारच्या वनाभाऊंची खरूज डॉक्टरांनी नुसती बघून ओळखली. मग ओट्यावर माणसं जमायला लागली. नाना मला कोणाच्या हातात देत नसत. बायकोच्या, कुंदाबाईंच्या, तर नाहीच, कारण त्यांचं बोट लागलं की फोन कट!

घरातलं एक माणूस मात्र मी कधी नीट पाहिलं नव्हतं. योगराजची बायको मोहिनी. या घरात सून सासऱ्यापुढे नाकाखालपर्यंत पदर ओढते. नाना बाहेर गेले की ती पदर मागे टाकायची, पण तेव्हा मी नानांच्या खिशात असायचो. स्वयंपाकघरातून तिचं हसणं तेवढं ऐकू यायचं. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता, त्यात कॅमेरा नव्हता.

मोहिनीला सातवा महिना लागला आणि ते हसणं थांबलं. उलट्या व्हायच्या, अंग खाजायचं, अन्नाचा वास नको व्हायचा. योगराजनं सुरतहून फोन केला, "नाना, तिले डॉक्टरले दाखाडा."

"दवाखाना मन्हा हातमा शे," नाना म्हणाले आणि त्यांनी मला थोपटलं.

दुपारी नंबर लागला. डॉक्टर थकलेले दिसत होते, पण विचारत होते मन लावून. "ताई, पदर जरा वर घ्या. डोळे बघायचेत."

मोहिनीचा पदर आणखी खाली आला.

"ले माय, वर ले. मी देखत नही," नाना म्हणाले. आणि सुनेला संकोच नको म्हणून त्यांनी खरंच तोंड फिरवलं. माणसाचं तोंड फिरलं की खांदा फिरतो आणि खांद्यामागून हात. मोहिनीच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिनं पदर वर केला असणार. मी मात्र भिंतीकडे बघत होतो. भिंतीवरचं बियाण्याच्या जाहिरातीचं कॅलेंडर मी डॉक्टरांना अगदी स्वच्छ दाखवलं.

"मला दिसत नाहीये," डॉक्टर म्हणाले. नाना परत वळले, पदर परत खाली.

"बरं, लघवीचा रंग कसा आहे?"

सासऱ्यासमोर कोणती सून हे सांगेल? शेजारी बसलेल्या कुंदाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना तिच्या तोंडावरचा रंग काय कळणार! त्यांनीच सगळं ठीक असल्याचं सांगून टाकलं, "बठ्ठं बरं शे. पोटुशी बाईले उलटी व्हसच."

"पित्ताची गोळी लिहून देतो," डॉक्टर म्हणाले. "पण मी काही पाहिलेलं नाही. उद्या दवाखान्यात नक्की दाखवा."

नानांनी गोळ्या आणल्या. डॉक्टर भेटले, औषध मिळालं, मग आणखी दवाखाना कशाला, असं घरात न बोलताच ठरलं. माझा जीव तळमळत होता. मी रोज पहाटे नानांना हाक मारून उठवतो, पण ती वेळ त्यांनीच लावलेली असते. कोणी न लावलेला अलार्म मला वाजवता येत नाही.

काही दिवसांनी उपकेंद्रातल्या मयुरी सिस्टर फेरीला आल्या. त्या सरळ आत गेल्या, मोहिनीला मागच्या दारात उजेडाला आणलं आणि तिचा पदर मागे सारला. "अगं, डोळे पिवळेधमक झालेत! कधीपासून?" एवढंच मला खिशात ऐकू आलं.

ॲम्ब्युलन्स माझ्यावरूनच बोलावली. शिरपूरहून तिला धुळ्याला नेलं. कावीळ विकोपाला जाऊन लिव्हर निकामी झालं होतं. धुळ्याला आधी बाळ गेलं, मग मोहिनी.

योगराजला कळवायचं कामही माझ्याकडेच आलं. नाना "हॅलो" म्हणाले, तेवढंच. "काय व्हयनं, नाना? बोला ना," योगराज पलीकडून म्हणत राहिला.

दहावं व्हायच्या आधीच ॲपनं विचारलं, डॉक्टरांचा सल्ला कसा वाटला, तारे द्या. मग मोहिनीच्या पुढच्या तपासणीची आठवण आली, तिच्या नावासकट. मला शरम वाटली. पण आलेलं दाखवणं एवढंच माझ्या हातात, ते मी दाखवलं. नानांनी वाचलं आणि मला पालथं ठेवलं.

आता ओट्यावर कोणी जमत नाही. कोणी आलंच तर नाना "शिरपूरले जा" म्हणतात. मी वाईट नाही हो, वनाभाऊंना विचारा. पण माझा डोळा तुम्ही फिरवाल तिकडेच बघतो. घरातल्या बाईला माझ्यासमोर बसवाल, तेव्हा मला एखाद्या बाईच्याच हातात द्या आणि तुम्ही बाहेर जा. एवढं एकच मागणं आहे.

काल योगराजनं मोहिनीचा फोटो पाठवला, मोठा करून हार घालायला. सुरतच्या बागेतला आहे. पदर खांद्यावर, आणि ती हसते आहे. नानांनी सुनेचं तोंड इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. शेवटी माझ्या काचेवर मोहिनीचा एक डोळा तेवढा उरला.

"पांढरा शे," नाना कुंदाबाईंना म्हणाले. "देख वं, कसा पांढराफेक शे."