पहिली सही

आईने तिकिटाचा कागद चुरगाळला आणि खिडकीच्या फटीतून परत आत ढकलला.

"मी इथे सोळा वर्षं पाणी भरलंय," ती आतल्या माणसाला म्हणाली. "मला कसलं तिकीट देतोस?"

तिकीटवाल्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने नजरेनेच माफी मागितली, कागद फटीतून ओढून सरळ केला आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. दरवाज्याच्या लोखंडी खिळ्यांवर नुकताच काळा रंग दिला होता. त्याचा वास अजून गेला नव्हता.

आत शिरल्यावर आई थांबलीच. दोन तटांच्या मधे, जिथे एकाला एक खेटून सदतीस घरं होती, तिथे आता कापलेलं गवत होतं आणि गवतावर चालू नये अशी पाटी.

"आपलं घर कुठे होतं?" मुलीने विचारलं. किल्ला सोडला तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्याआधीच तिला आजोळी पाठवलं होतं. परत आली ती थेट खालच्या वसाहतीतल्या कोपऱ्यावरच्या घरात.

आईने काठी उचलून गवताकडे दाखवलं. "ती बाई बसलीय ना फोटो काढत, तिथे आपली चूल." मग काठी हातभर सरकवून म्हणाली, "आणि तिथे घरभेद्याचं."

घरभेद्या म्हणजे मुलीचा सख्खा काका. कुलपं दुरुस्त करायचा. त्याचं खरं नाव त्यांच्या घरात कोणी घेत नसे. सरकारने किल्ला रिकामा करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी मिळून शपथ घेतली होती, घर सोडायच्या संमतिपत्रावर सही करायची नाही. एकाने जरी केली तरी बाकीच्यांचं बळ संपेल. आणि काकाने गुपचूप पहिली सही केली, वर संशय नको म्हणून साळसूदपणे सगळ्यांच्या शेवटी खाली उतरला. सख्ख्या भावाचा केसाने गळा कापला. मुलीने हे इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं आठवायचं.

संग्रहालय जुन्या दारूकोठारात होतं. जाड भिंती, आत गारवा. पहिल्या दालनात तलवारी, चिलखतं, तोफगोळे. कुठल्या राजाने किल्ला घेतला आणि कुठल्या राजाने तो परत घेतला याचे नकाशे. आई कशापुढेच थांबली नाही.

"या राजांनी कधी वर पाणी आणलं नाही," ती म्हणाली. "चार दिवस भांडले नि गेले."

शेवटची खोली लहान होती. दारावर लिहिलं होतं, 'किल्ल्यावरची वस्ती'. एक पत्र्याची ट्रंक, एक शिवणयंत्र, शाळेची घंटा. आई ट्रंकेजवळ वाकली. ती कोणाची, त्यातली कडी कशी अडकायची, हे ती भराभर सांगू लागली. मुलगी हुंकार देत पुढे सरकली आणि भिंतीतल्या काचेच्या पेटीपाशी पोहोचली.

पेटीत संमतिपत्र होतं. चार पानं, एकाखाली एक मांडलेली. सदतीस पूर्ण नावं, मधल्या नावासकट, प्रत्येकापुढे सही किंवा अंगठा आणि तारीख. वरून छोटा दिवा सोडला होता.

पहिलं नाव तिच्या वडिलांचं होतं.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. सही ओळखीची होती. तिच्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तीच, शेवटच्या अक्षराला तसाच लांब फराटा. दुसरी सही त्यानंतर तीन आठवड्यांनी. मग रांगच लागली होती. काकाचं नाव चौथ्या पानावर, सगळ्यात खाली. वडिलांनंतर अकरा महिन्यांनी.

मागे काठीचा आवाज आला.

"काय आहे गं तिथे?"

"सह्या."

आईला चष्म्यावाचून इतकं बारीक दिसत नसे. तरी तिने काचेला हात लावला नाही, की वाचून दाखव म्हणाली नाही. मुलगी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"तुला माहीत होतं."

"दौत मी धरली होती," आई म्हणाली.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आई बाकावर बसली. गुडघे चोळू लागली.

"पहिल्याला घर निवडायला मिळणार होतं. तुला सारखा ताप. पाण्याचा नळ त्या कोपऱ्यावरच येणार होता. कोणीतरी पहिला होणारच होता ना?"

"तू तर म्हणायचीस घरांसाठी चिठ्ठ्या टाकल्या."

"म्हणायचे."

"आणि काका?"

"खाली गेल्यावर माणसं विचारायला लागली, आधी कोणी केली. एकदा चार जणांनी यांना घेरलं. यांच्या तोंडून भावाचं नाव गेलं. गेलं ते गेलं. परत कसं घेणार?"

"काकांनी काहीच म्हटलं नाही?"

"भाऊच तो," आई म्हणाली. "काय म्हणणार?"

काकाला मिळालं होतं नाल्याकाठचं शेवटचं घर, ज्याच्या ओट्यापर्यंत पावसाळ्यात घाण पाणी यायचं. फितुराला नाल्याकाठचं घर का मिळावं, हा साधा प्रश्न तिला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. उलट लहानपणी ती त्या गल्लीवरून जाताना थुंकायची. तिच्या लग्नात काका दारापर्यंत आला होता, इस्त्रीचा सदरा घालून, हातात पितळी डबा घेऊन. वडील आत होते. ते बाहेर आले नाहीत. तीच पुढे झाली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "इथे तुमचं कोणी नाही." काकाने डबा पायरीवर ठेवला, तिच्याकडे पाहून मान हलवली, जणू तिचं बरोबरच होतं, आणि गेला. त्या वेळी आत उभ्या असलेल्या बायकांनी तिचं कौतुक केलं होतं. बापाची लेक शोभतेस म्हणाल्या होत्या.

ती काही बोलणार तेवढ्यात दारातून एक तरुण बाई आत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात वही.

"तुम्ही इथे राहायचात असं तिकीटवाले म्हणाले," ती आनंदाने म्हणाली. "मी इथली नोंदणी करते. आजी, दोन मिनिटं बोलाल? या यादीतल्या माणसांची माहिती गोळा करतेय. पंधरा जण मिळाले. बाकीच्यांची नुसती नावं आहेत."

आईने काठी मांडीवर आडवी घेतली. "विचार."

"हे पहिलं नाव. यांच्याबद्दल कोणीच नीट सांगत नाही. तुम्ही ओळखत होता?"

आईने नाव ऐकून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "वस्ती मोठी होती."

मुलगी काचेकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

"बरं. आणि हे शेवटचे?"

"तो होता," आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "चांगला होता. आम्हाला उठवायला वरचं पाणी तोडलं तेव्हा खालून पाणी आणायचा. आमच्यासाठीही आणायचा, न सांगता. कुलपं करायचा. सगळी घरं पाडली, तरी तो आपल्या दाराला कुलूप लावून बसला होता. दार होतं, भिंती नव्हत्या. एकटाच. कोणी जेवायला विचारलं नाही त्याला."

तरुण बाई भराभर लिहीत होती. मुलीने यातलं एक अक्षरही कधी ऐकलं नव्हतं.

"तुमचे कोण ते, आजी?"

"शेजारी."

"दीर," मुलगी म्हणाली. "सख्खा दीर तिचा. तसं लिहा."

तरुण बाईने शब्द खोडला, नवा लिहिला. मग तिचं पेन थांबलं. ती पेटीपाशी आली, चौथ्या पानावरच्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं आणि बोट काचेवरून वर नेत पहिल्या पानापर्यंत गेली. मधलं नाव तेच होतं. आडनाव तेच. तिने आईकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि ओशाळून पेनचं टोपण लावलं.



"मागच्या वर्षी गेला तो," आई म्हणाली. ती मुलीकडे नाही, त्या बाईकडे पाहत होती. "मी हिला फोन केला आणि सांगितलं, येऊ नकोस. हीच एक पुतणी होती त्याला. आजारात चारदा निरोप पाठवला होता त्याने, हिला भेटायचं म्हणून. मी चारही गिळले. तेही लिहायचं असतं का?"

तरुण बाईने वही छातीशी धरली.

"नाही, आजी," ती हळूच म्हणाली. "आम्ही फक्त किल्ल्यापुरतं लिहितो."