गुआदियानावरच्या साठ कमानी

स्पेनमधल्या मेरिदाच्या, गुआदियाना नदीवरच्या रोमन पुलावर दर कमानीला माणसाचं वय एका वर्षाने उतरतं, हे शैलजाला सातव्या कमानीवर कळलं, कारण तिचा गुडघा दुखायचा थांबला. तिच्या नवऱ्याला, दिगंबररावांना, पत्ताच नव्हता. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस! पूल दिसला की दगडावर टकटक करायची आणि बायकोला विसरायचं.

“दोन हजार वर्षं झाली, सांधा हललेला नाही,” ते म्हणाले.

“अहो, तुमचे केस काळे झालेत.”

“हो का? बरं झालं.”

मागे फिरायची सोय नव्हती. ओलांडलेली कमान नदीत अलगद, आवाज न करता खचून बसत होती. शैलजाला आधी मजा वाटली. विसाव्या कमानीवर तर ती चक्क धावली. सदतिसाव्या कमानीवर त्यांची लेक मीनल, जिने ही स्पेनची तिकिटं काढून दिली होती, शैलजाच्या कडेवर होती. अडतिसाव्यावर ती पोटात हलत होती. एकोणचाळिसाव्यावर शैलजाने सपाट पोटावर हात ठेवला आणि ती रडू लागली.

दिगंबररावांनी पुढच्या कमानी मोजल्या.

“एक्केचाळिसावी आपल्या लग्नाची. त्यापुढे तू मला माहीत नसशील. काठावर उतरू तेव्हा चार-पाच वर्षांची दोन पोरं असू, वेगवेगळ्या गावची.”

“मग इथेच थांबू या.”

“ही पण बसतेय गं, शैला.”

तिने त्यांचा हात घट्ट धरला. एक्केचाळिसाव्या कमानीवर तो अक्षतांनी भरला, आणि सुटला.

बेचाळिसाव्या कमानीवर सतरंजी अंथरली होती. तिच्या हातात पोह्यांचा ट्रे होता. समोर एक अनोळखी, लाजरा तरुण बसला होता. कांदेपोह्यांना आलेला मुलगा विचारतो तेच त्याने विचारलं.

“तुम्हाला काही विचारायचंय का?”

अशा वेळी मुलीने खाली बघून मान हलवायची असते. शैलजाला आईने तसं बजावूनही ठेवलं होतं. पण तिचा जीव का कोण जाणे, गलबलून आला.

“हो,” ती म्हणाली. “समोरच्या काठापर्यंत माझा हात धराल?”

तो उठला. त्याने तिच्या हातातला ट्रे घेतला आणि तो कुठे ठेवावा म्हणून आजूबाजूला पाहिलं. सतरंजीच्या कडा भिजायला लागल्या होत्या.