लागोसचा राजा आणि मसालेभात

शैलेंद्रने माइकवर आभार मानले आणि अमेरिकेतल्या शुगर लँडच्या मराठी मंडळाचा अख्खा हॉल उठून उभा राहिला. भाषण अजून व्हायचंच होतं. जेवणानंतर आभार ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून सेक्रेटरी शैलेंद्रने ते यंदा भाषणाआधीच उरकले होते. आभार कानांवर पडले की मराठी माणसाचे पाय आपसूक जेवणाच्या टेबलाकडे वळतात, हे काही त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आलं नाही.

स्टेजवर गिरिजा उभीच. मागच्या पडद्यावर आफ्रिकेतल्या लागोसची खाडी. इथेच जन्मलेली आणि इतिहासात पीएचडी करणारी ही मुलगी. इंग्रजांनी लागोस बंदर कसं गिळलं हे मराठीत सांगता यावं म्हणून तिने महिनाभर आरशासमोर सराव केला होता.

भाषणाचा घाट घातला होता तिच्या वडिलांनी, एकनाथ वझ्यांनी. पाइपलाइनची ड्रॉइंग्ज काढून रिटायर झालेला सरळ माणूस. मित्रांची मुलं डॉक्टर, आणि गिरिजा काय करते असं कुणी विचारलं की हे 'रिसर्च' म्हणून विषय उकाड्यावर न्यायचे. मंडळाने तिला एकदा नीट ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या बदल्यात शैलेंद्रने वर्षभराची वाढप्याची ड्यूटी त्यांच्या गळ्यात मारली होती.

आता ते टेबलामागून एकेकाला परत बसायची विनवणी करत होते. रांगेतल्या सीमाकाकूंनी प्लेट पुढे धरून भात निवतोय, असं प्रेमाने बजावलं. एकनाथरावांना रडूच यायचं बाकी होतं.

गिरिजा स्टेजवरून उतरली.

"तू वाढ, बाबा. मी लाइनमध्येच कव्हर करते."

आणि रांगेच्या कडेने चालत ती सांगू लागली. १८६१ साली इंग्रजांनी लागोसच्या खाडीत तोफांचं जहाज आणून उभं केलं आणि राजा दोसुन्मूपुढे कागद ठेवला, बंदर आमच्या राणीला दे म्हणून. त्याने टाळून पाहिलं. जहाज हललं नाही. शेवटी त्याने सही केली आणि पुढे सांगत राहिला की मला धड काही समजावलंच नव्हतं.

"म्हणजे आभार आधी, भाषण नंतर," सीमाकाकू म्हणाल्या. रांग हसली. शैलेंद्र मान खाली घालून मठ्ठा ढवळू लागला.

राजाला पेन्शन मिळाली, गिरिजा सांगत होती. राजा म्हणवून घ्यायलाही परवानगी होती, फक्त बंदराची जकात इंग्रजांची. यावर कुणीतरी ही अर्ली रिटायरमेंटच झाली म्हणालं, कुणी लोणचं मागितलं.

तेवढ्यात रांग अडली. एकनाथरावांचा हात ट्रेमध्येच थांबला होता. रोजच्या फोनवर ते जेवलीस का आणि गाडीचं ऑइल बदललंस का, एवढंच विचारत. तिच्या अभ्यासाबद्दल आजवर त्यांनी काहीच विचारलं नव्हतं.

"सही करून आल्यावर घरी काय सांगितलं असेल गं त्याने?"

गिरिजा टेबलापाशी आली. मग म्हणाली, "माहीत नाही, बाबा. तेच शोधतेय मी."

मागून भाताची मागणी झाली. एकनाथरावांनी एप्रन काढला, टेबलाला वळसा घालून एक खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.

लोकांनी भात आपल्या हाताने वाढून घेतला.