नाथाजीने बांधलेला कडा

माघातल्या सकाळी सारी वाडी कड्याकडे तोंड करून बसली होती. नाथाजी भगताने हात वर केला, "बोल माय," म्हणाला, आणि खरोखरच कपारीतून दोन-तीन दगड खडखडत खाली आले. बायकांनी पदर पसरले. मी वाडीचा मास्तर, साताऱ्याहून आलेला. हा चमत्कार नाही म्हटलं तरी माझं कोण ऐकणार?

चैत्र सरताना भगताने कडा बांधला. "कडा बांधीन, कपार बांधीन, पडत्या धोंड्याचा पाय बांधीन," असं घोकत त्याने नारळ पुरला. एवढ्या कड्याला मंतरलेला दोरा पुरेना, म्हणून तो करवंदीच्या जाळीला गुंडाळला. वैशाखात दगड पडायचे थांबले. भगताचा मान वाढला.

वाडीची जुनी रीत होती. आषाढ लागला की दरडीच्या भीतीने कड्याखालची माणसं गुरांसकट समोरच्या माळावर खोपटी घालून राहत. भगताने बजावलं, यंदा माळावर जाल तर बांध सुटेल.

कड्याखाली राहणाऱ्या अर्जुनाची लेक अंजना माझ्याकडे चौथीत होती. जे दिसेल ते वहीत लिहायची तिला मी सवय लावली होती. ती म्हणाली, "गुरुजी, भगत गावाला गेला हुता तवाबी दगड पडलं. ऊन कड्यावर आलं की पडत्यात. भगत उन्हाची वाट बघत बसतोय."

आम्ही दोघांनी अर्जुनाला हे सांगून माळावर जायला विनवलं. तो हसला. "मास्तर, पोरीला लय शानी केलीसा." त्याच्या आईने, रंगुबाईने, माळावर जायचं गाठोडं बांधलं होतं. लेक नको म्हणतो म्हणून तिने ते सोडलं.

आषाढात चार दिवस पाऊस खळला नाही. पाचव्या दुपारी, मुलं माझ्याजवळ शाळेत आणि अर्जुना भाताच्या खाचरात असताना, डोंगराची माती, झाडं आणि धोंडे चिखलाच्या लोंढ्यात वाहत आले. अर्जुनाचं घर गेलं. घरात रंगुबाई होती.

कुणीतरी विटाळ केला, असं म्हणून भगत त्याच संध्याकाळी निघून गेला.

तिसऱ्या दिवशी म्हातारीचा देह सापडला. अर्जुना चिखलात बसून मला विचारत होता, "कडा बांधला हुता न्हवं?"

मी त्याच्याशेजारी बसून त्याला समजावलं. माघात रात्री खडक गारठतो, सकाळच्या उन्हाने फुगतो आणि सुटी कपची निसटते. वैशाखात रात्रीही उकडतं. गारठ्या-उन्हातलं अंतर घटतं, निसटण्याजोगं आधीच पडून गेलेलं असतं. भगताने नेमका तोच महिना धरला होता. पावसाचं मात्र वेगळं. पाणी भेगांत आणि मातीत मुरतं, माती जड होऊन पातळ होते आणि उतार सोडते. तिला दोरा दिसत नाही.

अर्जुना म्हणाला, "पोरीनं सांगितलं हुतं. आईलाबी जायचं हुतं. मीच बसवून ठेवली."

अंजना बापाच्या पाठीला टेकून उभी राहिली.

मुलांनो, कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, की हा माणूस इथे नसतो तेव्हा काय होतं? आणि उत्तर मिळेपर्यंत घरातल्या म्हाताऱ्या माणसांना धोक्याच्या जागेवरून हलवा. विचार नंतरही करता येतो.