पाण्याने न नेलेला दगड

संघपाल गुरुजींनी लोहचुंबक जवळ धरलं आणि ते टक्कन दगडाला चिकटलं. शाळेच्या ओट्यावर जमलेली माणसं पुढे सरकली. सरपंच तातेरावांनी ते स्वतः ओढून पाहिलं, पुन्हा चिकटवलं, मग दगडाला बोटं लावून कपाळाला नेली. सकाळीच कुणीतरी त्यावर हळदकुंकू वाहून गेलं होतं. आभाळातून पडलेल्या वस्तूचं आणखी काय करायचं असतं, हे धावडा गावात कुणाला ठाऊक असणार?

रखमाजी गर्दीच्या मागे उभा होता. पुढच्या माणसाने खांदा वळवला तेव्हा त्याला दगड दिसला. कवठाएवढा, काळा, एका अंगाने वितळल्यासारखा गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाला टवका उडालेला. तो टवका कधी उडाला हे त्या गर्दीत फक्त रखमाजीला माहीत होतं.

अंगद, त्याचा एकुलता एक मुलगा, वैशाखात गेला. मोटारसायकल आणि डंपर. त्याहून जास्त कुणी सांगितलं नाही आणि रखमाजीनेही विचारलं नाही. चितेभोवती फिरताना मडकं त्याच्या खांद्यावर होतं आणि पुतण्या भुजंग मागून मडक्याला दगडाने भोकं पाडत होता. ज्या दगडाने मडकं फुटतं तो जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात राहतो असं मानतात, दहाव्याला तो पाण्यात सोडतात आणि जीव वाटेला लागतो. भुजंगाने दगड त्याच्या हातात दिला तेव्हा हाताला काहीच कळलं नाही. दगड खाली फरशीवर आपटला आणि टवका उडाला.

दगड कुठून आला, तर पायाखालून. स्मशानाच्या रस्त्यावर आदल्या वर्षी जालन्याच्या भट्ट्यांमधला स्लॅग आणून टाकला होता. लोखंड वितळवल्यावर जो काळा गाळ उरतो, तो. त्या रस्त्यावर दुसरा दगड शोधून सापडला नसता.

दहाव्याला नदीत पाण्याचा थेंब नव्हता. भुजंगाने वाळूत खड्डा करून घागरभर पाणी ओतलं, रखमाजीने दगड त्यात ठेवला आणि पाणी डोळ्यांदेखत वाळूत जिरलं. दगड तिथेच राहिला. पाऊस आला की जाईल, असं सगळे म्हणाले. यंदा पावसाने ओढ दिली. रोज सकाळी रखमाजी आभाळाकडे पाही, पेरणीसाठी पाहतोय असं लोकांना वाटे.

त्यातच एका संध्याकाळी आभाळातून जळता गोळा गेला. जळगावकडून आला आणि भोकरदनच्या अंगाला विझला. दुसऱ्या दिवशीपासून गावाला वेड लागलं. अशा दगडाला सोन्याहून जास्त भाव असतो, हे मोबाईलमध्ये पाहून सगळेच उल्कांचे जाणकार झाले. माणसं बांधाबांधाने वाकून चालू लागली. घराला कधी झाडू न लावलेल्यांनी रानं झाडून काढली. मात्र स्मशानाखालच्या वाळूत कुणी उतरलं नाही. तिथला दगड कुणी उचलत नाही.

उचलला तो संघपाल गुरुजींनी. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच मडकं, जीवखडा, कावळा सगळं सोडून दिलं होतं. तीन पिढ्या त्या घरात दगड हा निव्वळ दगड राहिला होता. तो नदीत सापडला, एवढंच त्यांनी लोकांना सांगितलं. नदीत नेमका कुठे, हे कुणी विचारलं नाही.

चार दिवस रखमाजी रोज शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला. पोरं दगड हातोहात फिरवत होती. शनिवारी गुरुजी तो जालन्याच्या कॉलेजात नेणार, तिथे मशीनवर मधोमध कापून पाहणार, असं ठरलं होतं. कापणार म्हटल्यावर रखमाजीला काही बोलावंसं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदाच. पण बोलावं तर गावात बोंब. जिथे पोरं खिचडी खातात तिथे जीवखडा आणून ठेवला म्हणून गुरुजींना लोक फाडून खातील. कालपर्यंत हळदकुंकू वाहणारेच पुढे असतील, आणि गुरुजी कोणत्या गल्लीचे हे त्यांना तेवढ्यापुरतं बरोबर आठवेल. न बोलावं तर अंगदचे दोन तुकडे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तो आत गेला. गुरुजी एकटेच वर्गात होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. दगडाचं काय, असं रखमाजीने विचारल्यावर ते थोडं हसले. त्यांनाही शंका होती. हा भट्टीतला असू शकतो, असं त्यांना पहिल्या रात्रीच वाटलं होतं. पण पोरं ग्रहताऱ्यांचं विचारू लागली होती, तेव्हा शनिवारपर्यंत चालू द्यावं म्हटलं.

"उद्या कापलं की कळंन," गुरुजी म्हणाले.

रखमाजी टेबलावरच्या दगडाकडे पाहत राहिला.

"कापू नका, गुरुजी. तो अंगद हाय."

गुरुजींना आधी समजलं नाही. मग रखमाजीने मडक्याचं, टवक्याचं, घागरभर पाण्याचं सांगितलं. दुसऱ्याच कुणाचं सांगावं तशा सपाट आवाजात त्याने ते सांगितलं. अंगद याच वर्गात, याच गुरुजींकडे शिकला होता. गुरुजी उठून उभे राहिले आणि उभेच राहिले.

"मला ठाव नव्हतं, काका. आमच्यात हे करत न्हाईत."

"ठाव हाय. म्हनून तर तुम्ही उचलला."

उद्या कुठेही जाणार नाही, असं गुरुजी म्हणाले. जालन्याला फोटो पाठवला, भट्टीचा निघाला, असं गावाला सांगेन. लोक हसतील ते मला हसतील. त्यांनी हळदकुंकू रुमालाने पुसलं, दगड दोन्ही हातांनी उचलला आणि रखमाजीपुढे धरला.

रखमाजीने हात पुढे केला नाही. नदीत अजून नुसती वाळूच होती. असा दगड घरी नेत नाहीत. आणि गेले चार दिवस फाटकातून त्याने जे पाहिलं होतं, ते त्याला आत्ता समजत होतं. पोरं दगड हातात घ्यायला मिळावा म्हणून रांग लावत होती.

"पानी येईस्तवर राहू द्या हितंच," तो म्हणाला. "पोरं हायेत."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सांगायचं ते सांगितलं. दुपारपर्यंत गाव हसून मोकळं झालं. तातेराव म्हणाले, मला पहिल्याच दिवशी डौट आल्ता.

रखमाजीच्या घरी त्याची बायको चतुराबाई तांदूळ निवडत बसली होती. तिच्या कानावर आलंच होतं.

"आभाळातला न्हाई म्हने तो."

"न्हाई. भट्टीचा हाय."

"मला पहायचा होता," ती म्हणाली. "कुठं जावंच वाटलं न्हाई."

अंगद गेल्यापासून तिने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. बायका स्मशानात जात नाहीत, दहाव्याला नदीवर जात नाहीत. मुलाला उंबऱ्यातून नेलं, त्यापुढचं तिने काहीच पाहिलं नव्हतं. हे रखमाजीला महिन्याभरात सुचलं नव्हतं, आणि सुचल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली.

"चल," तो म्हणाला. "हाय तिथंच."

वाटेत त्याने तिला दगड कोणता ते सांगितलं. शाळा सुटलेली होती. गुरुजींनी दोघांना येताना पाहिलं आणि काही न विचारता कपाट उघडलं. चतुराबाई वर्गात खाली बसली, पदर सारखा केला. गुरुजींनी रखमाजीकडे पाहिलं. रखमाजीने मान हलवली, तेव्हा त्यांनी वाकून दगड तिच्या मांडीवर ठेवला.

तिने टवक्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ झाल्यावर गुरुजींनी विचारलं, जड होत असेल तर घेऊ का?

"न्हाई," ती म्हणाली. "राहू द्या जरा."