सोयाबीनच्या मुळांना गाठी

रामकिसनकडे एक बैल, बांधापलीकडच्या भागवतकडे एक. एका बैलाने ना वखर चालतो ना डवरा, म्हणून किन्हीराजा गावच्या शिवारात या दोघांची अकरा वर्षं सावड होती. जोडी एकच, आज याचं वावर, उद्या त्याचं.

यंदा पेरणीला भागवतने कुठूनशी काळी भुकटी आणली आणि गुळाच्या पाण्यात कालवून दोघांच्याही बियाण्याला चोळली. बियाण्याचं लग्न आहे का, असं रामकिसनने विचारलं होतं. पण सावडीत फार नाही म्हणता येत नाही.

महिनाभराने त्याने सोयाबीनचं एक रोप उपटलं. मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी. रामकिसनचं डोकं जितक्या लवकर तापतं तितक्या लवकर चालत नाही. रोप हातात घेऊन तो जोडीच्या डवऱ्याने तण काढणाऱ्या भागवतकडे गेला.

"तुह्या भुकटीनं रोग लागला! तुह्यं बी उपट, नाई त साऱ्या शिवारात पसरंल. अन् आजपासून सावड बंद."

जुवाखालून आपला बैल बादल सोडून त्याने घरी नेऊन बांधला. स्वतःच्या वावरात मात्र दुसरं रोप उपटायला त्याचा जीव धजला नाही.

पुढचे चार दिवस बादलने कडबा खाल्ला आणि तणाने सोयाबीन.

पाचव्या दिवशी कृषी सहायक राखीताई बांधावर आल्या. रामकिसनने वाळलेलं रोगी रोप दाखवलं आणि भुकटीचंही सांगितलं. त्यांनी वावरातलं एक ताजं रोप उपटून नखाने त्याची एक गाठ फोडली. आतून लालसर निघाली.

"दादा, हा रोग नाही. यात जिवाणू राहतात, तुमच्या भुकटीतलेच. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला हवेतला नत्र देतात. आत लाल, म्हणजे काम चालू आहे."

"अन् झाड एकटं असलं त?"

"एकट्याला हवेतला नत्र घेता येत नाही."

रामकिसनने फुटलेली गाठ निरखून पाहिली. त्याला आपल्या मोठ्या आवाजाची लाज वाटली. त्याने घरी जाऊन बादलला सोडलं आणि वाटेने माफीचं वाक्य तीनदा जुळवलं.

भागवत वावरात वाकलेला होता. मागे उपटलेल्या सोयाबीनचा ढीग, पेरलेल्या ओळींपैकी सहा तासं रिकामी.

"कायले उपटून राह्यला बे?" रामकिसन ओरडला.

"तूच त म्हनला, रोग हाये." भागवतने सातव्या तासात हात घातला. "अकरा वर्सात तू मले खोटं सांगतलं काय कदी?"

रामकिसनला रडू आलं. जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"रोग नाई गा तो. खत हाये. मीच येडा." त्याने भागवतचा हात धरून वर ओढला. "माह्यी सहा तासं तुले देतो."

भागवतने ढिगाकडे पाहिलं, रामकिसनकडे पाहिलं, आणि मागे उभ्या बादलकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"तासं ठेव तुह्यी," तो म्हणाला. "बैल लाव."