नवलाईच्या गाभाऱ्यातला वारा

नवलाई आईची शपथ घेऊन सांगतंय, यातला शब्दन् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माझ्या हातचं बांगड्याचं कालवण जन्मभर अळणी होऊ दे. आता आयका.

पौषातली गोष्ट. कातळावर ऊन चढलेलं. आमचा म्हातारा, काशीराम, ऐनाच्या झाडावर चढून कवळ तोडत होता. भाताची रोपं करायची ती दाढ भाजायला फांद्या नकोत काय? मी खाली भारे बांधत होते. एकदम कोयत्याचा आवाज थांबला. वर बघतंय तर म्हातारा फांदीला मिठी मारून बसलेला!

"काय ओ, झाडाशी लगीन लावलाव काय?"

"गोदे, छातीत कायतरी फडफडताय गो. डालग्याखाली कोंबडं कोंडल्यागत."

कसाबसा खाली उतरवला नि छातीला कान लावला. शिमग्यात ढोलवाला पिऊन येतो ना, तस्सं! दोन ठोके पळत, एक गायब, मग तीन एकावर एक. त्या तालावर पलीकडच्या आंब्यावरचे वांदर नाचायला लागले. हसू नका मेल्यांनो, या डोळ्यांनी बघितलंय.

रत्नागिरीला नेला. डाक्टरणीनं छातीला तारा लावून कागद काढलान. तो कागद जो सुटला, तो थेट बाहेरच्या पायरीवर! कागद बघून ती म्हणाली, "आजी, ह्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात. तिथं रक्त साचतं, गुठळी होते. ती मेंदूत गेली तर अर्धं अंग जाईल." ठोके आवरायला एक गोळी दिलीन. रक्त पातळ करायची दुसरी, ती सकाळ-संध्याकाळ, एकदाही चुकवायची नाय.

मुंबईहून आमच्या पोराचा, निलेशचा फोन. "आये, बाबांना इकडं आण. तार घालून आतली बिघडलेली जागा जाळतात."

डाक्टरीण म्हणाली, "ते नंतर बघू. गुठळीची गोळी मात्र आजपासून."

घरी आल्यावर म्हाताऱ्यानं ठोक्यांची गोळी गिळलीन नि दुसरी बाजूला सारलीन. "रक्त पातळ? उद्या कोयता लागला तर नळ सोडल्यागत वाहून जाईन मी!"

"नि गुठळी डोक्यात गेली तर? वरच्या वाडीतला लवू बघा. पालखी नाचवणारा बाप्या, आता भाताचा घास अर्धा मांडीवर पडताय."

म्हातारा म्हणतो, "नवलाईला कळे लावतंय. ती देईल तो कौल."

आमच्याकडं असंच हाय. देवीच्या दगडाला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या नि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. डावी पडली तर? म्हातारा देवीचा शब्द मोडायचा नाय नि मी विधवा व्हायचे.

गेले तडक दादू गुरवाकडं, घावणे नि नारळाचा रस घेऊन. "दादू, घ्यावी का नको, हे विचारायला देवी काय डाक्टर हाय? तिला एवढंच विचार, सकाळची मानवेल का संध्याकाळची."

दादू बोटं चाटत म्हणाला, "वयनी, अजून एक घावणा वाढा."

दुसऱ्या दिवशी देवळात दादूनं पाकळ्या लावल्यान नि गाऱ्हाणं सुरू केलंन. "बा नवलाई म्हाराजा! आज तुझं लेकरू काशीराम तुझ्या पायाशी आलंय..."

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे.

"त्याला गोळी सकाळची मानवत असेल तर उजवा दे, संध्याकाळची मानवत असेल तर डावा दे..."

"व्हय म्हाराजा!" नि सगळ्यात मोठ्यानं कोण? आमचा म्हातारा! जन्माची सवय, दुसरं काय! बोलून गेला नि मग डोळे वटारून माझ्याकडं बघतो. पण देवीपुढं व्हय म्हटलं ते म्हटलं, गोळी घ्यायची हे ठरलंच.

उजवी पाकळी पडली. म्हातारा उडालाच. "झालं! सकाळची एकच! संध्याकाळची देवीनं माफ केलीन!"

आता आली का पंचाईत? मी हात जोडून पुढं झाले, देवीच्या अगदी जवळ वाकले. नि काय सांगू, गाभाऱ्यात वारा सुटला! डावी पाकळी टपकन खाली.

दादू ओरडला, "दोन्ही! दोन्ही वेळची!"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले. म्हातारा तेवढा नाक वर करून हुंगत होता.

तेव्हापासून दोन्ही वेळा घेतो. झाडावर चढणं डाक्टरणीनं बंद केलंन. आता खाली बसून भारे बांधतो नि वर चढलेल्या गड्याला तोडायचं कसं ते शिकवतो.

परवा दिवेलागणीला गोळी तळहातावर घेऊन मला म्हणतो, "गोदे, त्या गाभाऱ्याला एक खिडकी नाय. मग वारा आला कुठनं?"

"देवीचा वारा तो."

"असेल बाय. पण देवीच्या वाऱ्याला लसणीच्या चटणीचा वास येत होता." नि गोळी तोंडात टाकून वर गटागटा पाणी प्यायला.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगतंय. वांदर नाचले ते खरं. कागद पायरीपर्यंत गेला तेही खरं.

वारा तेवढा मी घातला.